लाल डोक्याचे बोल्ट

मापबाईंकडे बोल्ट मागायला जाणारा माणूस आधी मनातल्या मनात दोनदा घोकून जायचा. जाडी किती, लांबी किती, पाळणा जुना की नवा. खिडकीसमोर उभं राहून 'साधारण एवढा द्या' असं बोटांनी दाखवणाऱ्याची बाई अशी काही हजेरी घेत की पुढचे आठ दिवस तो स्टोअरच्या वाटेला फिरकत नसे. वर्कशॉपमध्ये तीस पुरुष आणि ही एक बाई, पण दबकून कोण वागायचं हे सांगायला नको.

वर्कशॉप पाळण्यांचं होतं. तान्ह्या बाळांच्या नव्हे. उंच इमारतींना बाहेरून रंग देताना किंवा काचा पुसताना दोन पोलादी दोरांवर वरखाली होणारा लांबट सांगाडा असतो ना, तो पाळणा. त्यात दोन माणसं उभी राहतात आणि खाली बघायचं टाळतात. दोन्ही टोकांना एकेक मोटार असते. ती दोर धरून चढते आणि पाळण्याला सोबत घेऊन जाते. मोटारीला पाळण्याशी बांधून ठेवतात ते चार बोल्ट, एका टोकाला चार, दुसऱ्या टोकाला चार. सहाव्या मजल्यावर उभ्या असलेल्या माणसाचा जीव म्हटलं तर करंगळीएवढ्या जाडीच्या त्या चार बोल्टांवर असतो, आणि ते मोजून हातात ठेवायचं काम तेहतीस वर्षं मापबाईंचं होतं.

त्या नोकरीला लागल्या तेव्हा वर्कशॉपात सगळं इंचात चालायचं. इंचाचे आठ भाग केले की एकेक भाग म्हणजे एक सूत. पाळण्याचा बोल्ट तीन सुती. मग सरकारचं पत्रक आलं की दोन वर्षांत देश मिलिमीटरवर जाणार, इंच-फूट कायमचे बंद. भिंतीवर मोठा तक्ता लागला. दोन वर्षं गेली, दहा गेली, तक्त्यावर तेलाचे डाग पडून तो वाचेनासा झाला, आणि घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. कापड मीटरवर आलं, पण शिंपी छाती इंचातच घेत राहिला. रंग लिटरवर आला, तो लावायचा ब्रश चार इंचीच राहिला. प्लायवूडची फळी तर आठ बाय चार फुटांची आणि अठरा मिलिमीटर जाडीची, म्हणजे एकाच फळीने दोन्ही सरकारांचं ऐकलं. शाळेतली पोरं सेंटिमीटर शिकून घरी आली की आजोबा त्यांची उंची दाराच्या चौकटीवर फुटात मांडत. कुणाचं काही अडलं नाही, म्हणून कुणी काही केलंही नाही.

अडलं ते वर्कशॉपमध्ये. नवीन पाळणे मिलिमीटरचे आले, त्यांना दहा मिलिमीटरचा बोल्ट. जुने इंचाचे पाळणे मरायला तयार नव्हते. असे दणकट की अजून तीस वर्षं चालतील. आता तीन सुती बोल्ट म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. दहाच्या शेजारी ठेवला तर जुळा भाऊ. दहाचा बोल्ट तीन सुती भोकात जात नाही, अडतो, शिव्या घालून माणूस परत आणतो. पण तीन सुती बोल्ट दहाच्या भोकात जातो. आटेही जवळपास सारखेच, त्यामुळे तो फिरतो, शेवटी शेवटी चावल्यासारखाही वाटतो. फक्त तो धरत नाही. नुसत्या टोकाटोकाने लटकलेला असतो, आणि वजन पडून चार हिसके बसले की आट्यांचा भुगा करून निघून येतो.

म्हणून नवीन बोल्ट आले त्या पहिल्याच वर्षी मापबाईंनी एक शिस्त घातली. नव्याने येणारा प्रत्येक मिलिमीटरचा बोल्ट डब्यात ठेवण्याआधी डोक्याकडून लाल ऑइलपेंटमध्ये बुडवायचा. लाल म्हणजे नवीन, बिनरंगी म्हणजे जुना इंचाचा. तेव्हा नवीन बोल्ट थोडे होते, थोड्यांना खूण करणं सोपं. पुढे नवीन बोल्टांचीच रास झाली तरी शिस्त बदलली नाही. दर महिन्याला बाई एक दुपार वर्तमानपत्र पसरून बसत आणि बोल्टांची डोकी बुडवत. तेहतीस वर्षांत त्यांच्या खिडकीतून एकही चुकीचा बोल्ट बाहेर गेला नाही. हे त्या सांगत, आणि ते खरं होतं.

बाईंचं तोंड का चालायचं, हेही सांगायला हवं. तेविसाव्या वर्षी वडील गेले. घरात आजारी आई आणि अकरा वर्षांचा धाकटा भाऊ. वडिलांच्याच ओळखीने नोकरी लागली तेव्हा वर्कशॉपमध्ये पैजा लागल्या होत्या की ही पोरगी तीन महिने टिकणार नाही. पहिल्याच आठवड्यात तिने एक वॉशर चुकीचा दिला, तर तो वॉशर फोरमनने दोरीत ओवून स्टोअरच्या दारावर टांगला. महिनाभर तो तिथे होता. येणारा-जाणारा त्याला टिचकी मारून जायचा. त्या महिन्यात ती पोरगी घरी जाऊन रोज रडली, आणि महिना संपला तेव्हा तिने ठरवलं की यापुढे आपण चुकायचं नाही, आणि चुकलोच तर ते कबूल करायचं नाही. पहिलं तिने जवळजवळ पाळलं. दुसरं पूर्ण पाळलं. भावाला तिने वाढवलं तेही याच नियमाने. ताई म्हणेल ते बरोबर, बाकी सगळं नंतर. भाऊ आता चव्वेचाळीस वर्षांचा, इमारती रंगवण्याची कंत्राटं घेणारा, स्वतःला दोन मुलं असलेला माणूस होता, तरी ताई त्याला 'शर्टाचं बटण लाव' म्हणायच्या, आणि तो लावायचा नाही.

यात मुक्याची ओळख राहिली. मुक्या मुका नव्हता. चाळिशीचा फिटर होता, हात सोन्याचा, पण चार शब्दांची गरज असेल तिथे एक वापरायचा आणि तोही नाइलाजाने.

त्या वर्षी नदीपलीकडचं दुसरं एक वर्कशॉप बंद पडलं आणि त्यांचा सगळा माल मालकांनी उचलला. शनिवारी टेम्पो आला. पेट्यांमध्ये बोल्टच बोल्ट, काही लाल डोक्याचे, काही बिनरंगी. बाईंना बरं वाटलं. आपली शिस्त तिकडेही पोचली म्हणायची, असं बाई आपल्या वेल्डरला म्हणाल्यासुद्धा. मग त्यांनी लाल बोल्ट लालच्या डब्यात ओतले, बिनरंगी बिनरंगीच्या डब्यात ओतले, आणि हात झटकून घरी गेल्या.

त्या वर्कशॉपातही कुणीतरी बाईंसारखंच शिस्तीचं माणूस होतं. फक्त त्याने उलटा विचार केला होता. त्याच्या मते नवीन ते आता घरचं, आणि जुनं इंचाचं ते जायचंय, म्हणून जाणाऱ्याला लाल. दोघांचंही डोकं ठिकाणावर होतं. तीस वर्षं नदीच्या दोन्ही बाजूंना दोन्ही पद्धती बिनतक्रार चालल्या, आणि शनिवारी दुपारी बाईंनी त्या एका डब्यात ओतल्या.

सोमवारी मुक्या खिडकीशी आला. नवीन पाळण्याची मोटार बसवायची होती. बाईंनी लालच्या डब्यातले वरचे चार दिले. पाच मिनिटांनी तो परत आला आणि बोल्ट पुढे धरून म्हणाला, "बाई, हा जरा सैल जातोय."

बाईंनी बोल्ट हातातसुद्धा घेतला नाही. "लाल आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग दहाचाच आहे. सैल तुझा हात झाला असेल, तो दाखव जा कुठल्या डॉक्टरला."

मागे उभे असलेले चौघे हसले. मुक्याने बोल्ट खिशात टाकला आणि गेला. बाई हा प्रसंग विसरूनही गेल्या. असे प्रसंग त्यांच्या दिवसात डझनभर असत.

गुरुवारी सकाळी पावणेबाराच्या सुमाराला वेल्डर एक बिनरंगी बोल्ट घेऊन आला. जुना पाळणा होता, तीन सुती भोक, आणि बोल्ट काही केल्या आत जात नव्हता. वेल्डर सावध माणूस, बोलताना एक पाऊल मागेच होता. बाई त्याला धारेवर धरणारच होत्या, इतक्यात बोल्टाच्या डोक्यावर त्यांची नजर गेली. डोक्यावर बारीक आकडे कोरलेले होते. असे आकडे फक्त मिलिमीटरच्या बोल्टांवर असतात. इंचाच्या बोल्टांवर रेघा असतात.

बिनरंगी, आणि मिलिमीटरचा.

बाईंनी तो माप घ्यायच्या गेजमध्ये घालून बघितला. दहा. पुन्हा घातला. दहाच. मग त्यांनी लालचा डबा टेबलावर उपडा केला, वरचा एक बोल्ट उचलला आणि पान्याच्या टोकाने त्याचा रंग खरवडला. आतून रेघा निघाल्या. दुसरा खरवडला, आकडे. तिसरा, रेघा. पुढचे पाच-सहा त्यांनी घाईघाईने खरवडले, पाना दोनदा निसटून बोटाला लागला. वेल्डर काही न कळून बघत होता.

त्या खुर्चीत बसल्या. शनिवारपासून लाल डोक्याचे लांब बोल्ट दोनदाच बाहेर गेले होते. बाईंना वहीत बघायची गरज नव्हती. सोमवारी चार मुक्याला. बुधवारी संध्याकाळी चार भावाला. भावाच्या नव्या पाळण्याची एका टोकाची मोटार दुरुस्तीला आली होती, तो स्वतःच टेम्पो घेऊन आला होता, आणि फिटर नको, मीच बसवतो म्हणाला होता. चार बोल्ट त्याच्या हातावर ठेवताना बाई त्याला म्हणाल्या होत्या, नीट आवळ, तुझं सगळं अर्धवट असतं.

पहिल्यांदा त्यांना मुक्या आठवला. सैल जातोय म्हणाला होता. त्यांनी वेल्डरला त्याला बोलवायला पाठवलं, आणि तो दारात येताच विचारलं की सोमवारचे चार बोल्ट कुठल्या पाळण्याला आहेत आणि तो पाळणा आत्ता कुठे आहे.

मुक्या म्हणाला, "बसवलेच नाहीत."

मोडीत काढलेल्या एका नव्या पाळण्याचे बोल्ट काढून त्याने आपलं काम भागवलं होतं. ते घट्ट बसले होते. बाईंच्या जिवात जीव आला. एवढा आला की त्यांनी डोळे मिटले. मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, "मग मी दिलेले ते चार?"

"डब्यात टाकले परत."

"कधी?"

"मंगळवारी. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा."

मंगळवारी परत टाकले, म्हणजे ते डब्यात सगळ्यात वर होते. आणि बुधवारी बाईंनी वरचे चार उचलून भावाच्या हातावर ठेवले.

चारही बोल्ट मुक्याच्या हाताला सैल लागले होते, म्हणूनच त्याने चारही परत टाकले. म्हणजे चारही तीन सुती. चारातला एकही धरणार नव्हता. तरी सवय सुटली नाही. त्या मुक्यावर ओरडल्या की हे मला सांगायचं होतंस, जीभ काय गहाण ठेवली होतीस?

मुक्या म्हणाला, "सांगितलं होतं, बाई."

बाईंनी भावाला फोन लावला. वाजत राहिला. पाळण्यावर चढताना फोन खाली ठेवायचा, तो वरून पडून कुणाचं डोकं फुटेल, हा नियम होता आणि भाऊ पाळत असलेला तो बहुधा एकमेव नियम होता. ज्या कचेरीची इमारत तो रंगवत होता तिथल्या नंबरावर कुणी उचलेना. बाईंनी वेल्डरला तो नंबर लावत राहायला सांगितलं, स्टोअरची खिडकी बंद केली, आतून एक खिळासुद्धा कुणाला द्यायचा नाही असं बजावलं, आणि मुक्याला म्हणाल्या, "गाडी काढ." मुक्याने आधीच एक लांब दोर खांद्यावर घेतला होता.

स्कूटरवर वीस मिनिटं लागतात त्या कचेरीला. बाईंना ती आयुष्यभर पुरली. एका गल्लीत ट्रक मागे घेणाऱ्या माणसाने दोन्ही बाजू अडवून ठेवल्या होत्या, आणि रोज ज्यांनी त्या ट्रकवाल्याची सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली असती त्या बाई मागच्या सीटवर गप्प बसून होत्या. त्यांच्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. मोटार एकाच जागी थांबलेली असते तेव्हा बोल्टांवर नुसतं वजन असतं. हिसका बसतो तो मोटार सुरू होताना. सकाळी नऊला चढला असेल. दर खिडकीला एकदा सुरू, एकदा बंद. किती हिसके झाले असतील? दहा? पंधरा? आणि किती बाकी असतील?

त्यांना भाऊ अकरा वर्षांचा आठवला नाही, आई आठवली नाही, असलं काही झालं नाही. बुधवारचा त्याचा तळहात तेवढा डोळ्यांपुढे येत राहिला. नखांत रंग अडकलेला, आणि त्यावर त्यांनीच ठेवलेले चार लाल ठिपके.

इमारत सात मजल्यांची होती. पाळणा सहाव्या मजल्यावर होता, आणि शाबूत होता. उजव्या टोकाला भाऊ, डाव्या टोकाला त्याचा सोबतीचा रंगारी. बाईंनी खालून बघितलं तर उजवं टोक किंचित, अगदी किंचित बाहेर झुकल्यासारखं वाटलं. खरंच झुकलं होतं की त्यांना वाटलं, हे त्यांना ठरवता येईना. खाली रस्त्याचा गोंगाट असा की वर हाक पोचणं शक्य नव्हतं. फाटकावरचा वॉचमन मदतीला धावला. म्हणाला, काळजी नको, मी शिट्टी वाजवतो, शिट्टी ऐकली की ते लगेच खाली येतात.

त्याने शिट्टी तोंडाला लावलीसुद्धा. बाईंनी ती त्याच्या तोंडातून ओढून घेतली. खाली येणं हाच तर घात होता. सहा मजले उतरायचे म्हणजे मोटार सुरू व्हायला हवी, आणि उतरताना कुठेतरी पुन्हा थांबायला हवी.

मुक्या जिन्याने धावत गेला. बाईंनी लिफ्टचं बटण दाबलं, लिफ्ट सातव्यावर होती आणि तिथेच मुक्कामाला असल्यासारखी होती, म्हणून बाईही जिन्याला लागल्या. छप्पन्न वर्षांचे गुडघे आणि सहा मजले. तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून त्या थांबल्या तेव्हा जिन्यातल्या घड्याळात साडेबारा वाजत आले होते. साडेबाराला भाऊ जेवायला खाली उतरायचा. त्याची वेळ कधी चुकायची नाही, त्याच्यात ती एकच गोष्ट वेळेवर होती. बाई पुन्हा चढू लागल्या.

सहाव्या मजल्यावर एक लांब खोली होती, टेबलं, फायली, आणि डबे उघडायच्या बेतात असलेली दहा-बारा माणसं. सगळी उभी राहून खिडकीकडे बघत होती. खिडकी उघडी होती. मुक्या तिच्यात वाकून उभा होता, आणि बाहेर हातभर अंतरावर भाऊ, पाळण्याच्या कठड्याला टेकून, एक हात मोटारीच्या बटणावर. मुक्याने त्याला आत यायला सांगितलं होतं. का, ते त्याच्याच्याने नीट सांगवलं नव्हतं. बोल्ट, ताई, चुकीचे, एवढे तीन शब्द निघाले होते, आणि भावाला त्यावरून इतकंच कळलं होतं की बोल्ट नीट आवळले नाहीत म्हणून ताईने पाठीमागे माणूस धाडलाय.

आणि आता ताईच आली.

"तूही आलीस?" भाऊ म्हणाला. "सहा मजले चढून? बोल्ट आवळलेत मी, ताई. चांगले दाबून आवळलेत. माझ्या माणसासमोर तरी सोड मला."

"हात काढ बटणावरून," बाई म्हणाल्या. धाप लागल्यामुळे आवाज घोगरा आला, पण तो हुकुमाचाच आला. त्यांना दुसरा आवाज येत नव्हता. "हलवू नकोस. खिडकीतून आत ये."

हुकूम ही त्यांची मोठी पुंजी होती, आणि ती कधीच संपली होती. तीस-बत्तीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ दिलेल्या हुकुमांतला हा आणखी एक होता. शर्टाचं बटण लाव, ओल्या केसांनी बाहेर जाऊ नकोस, हात काढ बटणावरून. भावाने सोबतीकडे बघून डोळा मारला. त्याचा कमरेचा पट्टा बाईंना दिसला. तो पाळण्याच्याच कठड्याला अडकवलेला होता, म्हणजे पाळणा गेला की पट्टा त्याला सोबत घेऊन जाणार.

"खाली येतो, मग बोल काय बोलायचंय ते," भाऊ म्हणाला. दोन्ही मोटारी एकदम सुरू कराव्या लागतात, नाहीतर पाळणा तिरका होतो. त्याने सोबतीला हाक दिली. "तीनला दाब. एक."

मुक्याने खिडकीतून बटणाकडे हात लांब केला. पोचला नाही.

"दोन."

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या.

भावाचं बोट बटणावर होतं. ते तिथेच राहिलं.

"माझी चूक झालीय रे," बाई म्हणाल्या. आता आवाजात हुकूम उरला नव्हता. "बोल्ट मीच चुकीचे दिले तुला. तीन सुती आहेत. तू कितीही आवळलेस तरी ते धरणार नाहीत. तुझं काही चुकलेलं नाही. माझं चुकलंय."

भाऊ ताईकडे बघत होता. त्याने तिचा राग बघितला होता, टोमणे बघितले होते, आई गेली तेव्हाचं रडणंही बघितलं होतं. पण हे वाक्य त्याने जन्मात ऐकलेलं नव्हतं, आणि त्यामुळेच सहाव्या मजल्यावर त्याला पहिल्यांदा भीती वाटली. त्याने बटणावरचं बोट हळूच उचललं. सोबतीला म्हणाला, "दाबू नकोस. हलू नकोस." त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं खोलीतल्या शेवटच्या माणसालासुद्धा दिसलं.

पुढचं मुक्याने केलं. दोराचं एक टोक त्याने खोलीतल्या खांबाला तीन वेढे देऊन बांधलं आणि दुसरं बाहेर दिलं. भावाने ते कमरेला बांधलं, मग पट्टा सोडवला. आधी भाऊ, कारण वजन त्याच्या टोकावरून कमी व्हायला हवं होतं. त्याने खिडकीच्या कट्ट्यावर गुडघा टेकला आणि दुसरा पाय उचलला, त्याबरोबर पाळण्याचं उजवं टोक बाहेर गेलं, वीतभर, आणि मोटारीकडून कट् असा आवाज आला. बाईंनी भावाचा शर्ट मुठीत धरला होता. तो त्यांनी असा ओढला की दोघंही आतल्या टेबलावर आदळली आणि कुणाचातरी डबा सांडला. मग दोर पुन्हा बाहेर गेला. सोबतीला पाळण्यावरून पाच पावलं चालत खिडकीपर्यंत यायचं होतं. ती पाच पावलं तो बराच वेळ चालत होता. तो आत आला तेव्हा खोलीतली एक बाई रडत होती, तिचा या कुणाशीही काही संबंध नसताना.

सगळ्यांत शेवटी मुक्या स्वतःला दोर बांधून खिडकीबाहेर अर्धा लोंबकळला, मोटारीपर्यंत हात नेला आणि थोड्या वेळाने परत आला. त्याच्या मुठीत एक बोल्ट होता. तो त्याने पान्याने काढला नव्हता. बोल्टाच्या आट्यांत चकचकीत लोखंडी भुगा भरला होता.

भाऊ जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या कमरेला तो बिनकामाचा पट्टा अजून लोंबत होता. बाईंनी तो बघितला. पाळण्याला पट्टा अडकवतात का, मूर्खा, मेला असतास म्हणजे, हे सगळं त्यांच्या ओठांपर्यंत आलं. त्यांनी तोंड उघडलंही. मग त्या वळल्या आणि मुक्यासमोर एका खुर्चीवर बसल्या.

"कसा आहे बोल्ट?" त्यांनी विचारलं. "तू सांग."

मुक्याने भावाकडे बघितलं, खोलीतल्या लोकांकडे बघितलं. त्याला वाटलं असावं की आता आपली पाळी आहे.

"दोन आधीच सुटले होते," तो म्हणाला. "हा बोटांनी निघाला. सगळं एकावर होतं."

बाईंनी मान हलवली. त्या बोलत नाहीत म्हटल्यावर मुक्याला पुढे बोलणं भाग पडलं. म्हणाला, सोमवारी चारही सैल लागले होते. पुन्हा येऊन सांगणार होतो. खिडकीपर्यंत आलोही होतो, पण तिथे माणसं उभी होती. मग वाटलं, बाई म्हणतात म्हणजे भोकच झिजलं असेल. परत टाकले तेव्हाही वाटलं होतं की हे बाजूला ठेवावेत, पण बाजूला का ठेवलेस असं विचारलं असतं तर काय सांगणार, म्हणून डब्यात टाकले. ते माझं चुकलं.

"सांगायला कशाला घाबरलास?" बाईंनी विचारलं. खरोखरच माहीत नसल्यासारखं विचारलं.

"तुमच्या तोंडाला घाबरतो, बाई," तो म्हणाला. "मी एकटा नाही, सगळेच. गेल्या वर्षी वॉशरचं मापही चुकलं होतं एकदा. कुणी बोललं नाही. आपापलं घासून बसवलं आम्ही."

तेहतीस वर्षांत एकही नाही, असं बाई सांगत आल्या होत्या.

"मीपण घाबरतो," जमिनीवरून भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

कचेरीतल्या कुणीतरी बाईंना पाण्याचा पेला आणून दिला. त्यांनी तो घेतला आणि न पिता मांडीवर धरून ठेवला.

"अजून काय?" त्यांनी मुक्याला विचारलं.